पाऊण इंची पट्टी आणि माझा कान

भोसरीला एका छोट्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी स्टोअर बघतो. बघतो म्हणजे मालासोबतचं चलन तपासायचं, माल उतरवून घ्यायचा आणि माणसं कमी असली की पॅकिंगही मीच फोडायचं.

दीड वर्षापूर्वी सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेल्या) पत्र्याचं पॅकेट आलं. खाली लाकडी सांगाडा, वर तेलकट कागद आणि भोवती घट्ट आवळलेली काळी निळसर स्टीलची पट्टी, जिला आमच्याकडे पाऊण इंची म्हणतात, 19 एमएम रुंद आणि अर्धा एमएम जाड. टेम्पोवाला निघायच्या घाईत, प्रेसवर ऑपरेटर पत्र्यासाठी खोळंबलेला, आणि पट्टी कापायचा कटर आमच्याकडे नव्हताच. आधीचा स्टोअरवाला छिन्नीनंच उडवायचा, म्हणून मीही पहारीचं टोक पट्टीखाली घातलं, जरा उचलली, छिन्नी टेकवली आणि वाकून हाणला एक घाव.

पुढचं काही दिसलंच नाही. सण्णकन आवाज आला, उजवा कान गरम झाला, हात लावला तर बोटं लाल. पट्टीचं टोक कानाच्या पाळीला चाटून मागच्या रॅकवर आपटलं होतं, तिथल्या रंगावरचा ओरखडा अजून तसाच आहे. दोन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टरांनी सेफ्टी चष्मा होता का विचारलं तेव्हा मी सरळ हो म्हणून टाकलं, लाज वाटली हो.

आमच्याकडे एक जुने फिटर आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. दुसऱ्या दिवशी कानावरचं बँडेज बघून हसले आधी, मग म्हणाले, "तू तिला दोरी समजलास रे. ती कमान हाय, गाडीच्या पाट्यावानी. आवळून बसलीय, सोडली की हाणणारच." आणि खरंच, मशीननं ताणून सील मारलेल्या त्या पट्टीत ताण भरूनच असतो, वर मी पहार घालून तिला अजून ताणली होती. छिन्नीचं म्हणाल तर घाव पडला की पट्टी तुटते, पण कधी आणि कुठल्या बाजूला जाईल ते आपल्या हातात राहत नाही, शिवाय खालचा पत्रा ठेचतो तो वेगळाच. मी म्हणलं मग ग्राइंडर लावू का, तर त्यांनी नुसतं त्या तेलकट कागदाकडे बोट दाखवलं. ठिणगी पडली असती तर पॅकेटची होळीच.

मग कटर आणला. खालचा जबडा चपटा असतो, तो घट्ट पट्टीखालीही सरकतो, हाच सगळा फरक. पत्रा कापायच्या कात्रीनं हे जमत नाही, ती खाली घुसवायला पिळावी लागते आणि कापही तिरका जातो. तिरका काप म्हणजे टोकाला भाला. काप काटकोनातच हवा.

पहिल्यांदा मामांनी समोर उभं राहून करून घेतलं. चामड्याचे हातमोजे (सुती नकोत, पट्टीची कड त्यातून आरपार जाते), डोळ्यावर चष्मा, पायात सेफ्टी शूज, बाह्या खाली. पट्टी ज्या रेषेत आहे त्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला सरकायचं, तोंडही त्या रेषेत आणायचं नाही. डाव्या हातानं आपल्याकडची पट्टी कापापासून वीतभर लांब दाबून धरायची, उजव्या हातात कटर, म्हणजे आपल्याकडचं टोक दाबलेलं राहतं आणि दुसरं उसळलं तरी पलीकडे जातं. म्हणून पलीकडे कोणी नाही ना हे आधी बघायचं, ओरडून सांगायचं, आणि चहावाला पोरगा असेल तर तो जाईपर्यंत थांबायचं. मी कापताना अक्षरशः श्वास धरला होता. कट्ट झालं, पट्टी टणकन उसळली आणि पडली, बस.

पाइपचं बंडल मात्र वेगळं प्रकरण. वीस फुटी पाइप, पट्टी सुटली की गडगडतात, पायावर आले तर बोटं गेलीच समजा. आता दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय मी कटर हातात घेत नाही. कडेच्या पट्ट्या आधी कापतो, मधली शेवटी. बंडल कललेलं दिसलं तर कापतच नाही, फोर्कलिफ्ट येईपर्यंत चलनावर सही करत बसतो. आणि कॉइलला, म्हणजे पत्र्याच्या अख्ख्या गुंडाळीला, तर मी हातच लावत नाही, तिची पट्टी सव्वा इंची, लांब दांड्याचा कटर लागतो, दोन्ही हात त्यातच अडकतात, दाबायला हात कुठून आणणार? ते मामाच करतात. पत्र्याचं बाहेरचं टोक खाली, घड्याळातल्या सहाच्या आकड्यापाशी येईल अशी कॉइल ठेवतात, वजनाखाली ते दबून राहतं, नाहीतर पट्टी सुटताच वरचा वेढा फणा काढल्यासारखा उघडतो.

कापलेले तुकडे जमिनीवर टाकून ठेवायचे नाहीत हे मी माझ्या बाइकचं टायर फाटल्यावर शिकलो. आता लगेच बुटाखाली दाबून दुमडतो आणि भंगाराच्या ड्रममध्ये टाकतो.

कटरचं एक दुखणं आहे. मेंटेनन्सवाले गुपचूप नेतात आणि त्यानं तार कापतात, धारेला दाते पडतात, मग पट्टी अर्धी कापून अडकते आणि जोर लावावा लागतो, जे अजिबात नको. दोन वेळा पाती बदलली. आता तो माझ्या ड्रॉवरमध्ये चलन बुकाखाली असतो, आणि चावी माझ्या खिशात.