दहा दिवस रानात, मग?

"दहा दिवस रानात नेलं की दारू सुटते म्हणे!" आज व्यसनमुक्तीसाठी रानात भरणाऱ्या शिबिरांवरच्या एका चर्चेत कुणीतरी हे सहज बोलून गेलं, आणि ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

अशा शिबिरांतली कॅनडातल्या आदिवासींची घामाची झोपडीच (स्वेट लॉज) घ्या: तापल्या दगडांवर पाणी टाकून बंद झोपडीत वाफ घ्यायचा शुद्धीचा विधी. विलोच्या ओल्या फांद्या वाकवून सांगाडा, वर जाड कॅनव्हास नि घोंगड्या. प्लास्टिक नको. दगड बाहेरच्या जाळात लाल होईस्तोवर तापवायचे, निखारे झटकून आतल्या खड्ड्यात ठेवायचे. निखारा चिकटून आला तर बंद झोपडीत जीव गुदमरतो. दगड नदीपात्रातला नको. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. बहुधा चार फेऱ्या, मधे दार उघडायचं.

कालपर्यंत पिणारा थेट आत जात नाही. दारू थांबल्यावर येणाऱ्या कंप, झटके यांचा काळ आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हृदयविकार असेल तर विचारूनच.

तिथल्या आदिवासींचे काही पारंपरिक विधी सरकारने कायद्याने बंद केले होते, ते कलम १९५१ मध्ये गेलं. एडमंटन शहराजवळचं पाउंडमेकर्स लॉज हे १९७३ मध्ये सुरू झालेलं आदिवासींचं व्यसनमुक्ती केंद्र उपचारात असे विधी वापरतं. ही काही सहल नव्हे!

खरी कसोटी घरी परतल्यावर. तीच खोली, तेच दोस्त. म्हणून निघण्याआधीच ठरवून कागदावर लिहायचं: गावातलं कोणतं वडीलधारं माणूस भेटणार, पुढची झोपडी कधी, मासेमारीला सोबत कोण, पहिल्या आठवड्यात फोन कोण करणार. "बघू नंतर" म्हटलं की संपलं.

आपल्याकडच्या व्यसनमुक्ती केंद्रांत घरी सोडताना असा कागद कुणी हातात देतं का?