आमची वाटचाल : मिलिमीटरभर टेप

२००९ साली कोल्हापुरात, राजारामपुरीत गाळा घेतला. पाटीवर 'सेल्स अँड सर्व्हिस' लिहिलं होतं, पण नव्या मशीनचा सेल्स नावालाच. मुंबईहून कंपन्यांनी बदलून टाकलेल्या डेस्कटॉपचा लॉट यायचा, बहुतेक डेलचे ऑप्टिप्लेक्स ७४५ आणि ७५५. हार्ड डिस्क काढून घेतलेल्या, कंपनीच्या नंबराचे स्टिकर तसेच. धूळ मारायची, रॅम घालायची, विकायचं.

गिऱ्हाईक म्हणजे डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणारे) आणि फ्लेक्सवाले. नवीन मशीन त्यांना परवडायचं, पण मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली, पॅरलल पोर्टात (जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेत) बसायचा आणि नव्या बोर्डांवरून तो पोर्टच गायब होत चालला होता. एक प्रेसवाले मामा दर दोन दिवसांनी यायचे. "फाईल उघडंस्तोवर च्या गार हुतोय माझा. कायतर कर की गा."

ब्रँडेड मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, ओव्हरक्लॉकिंगची (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायची) सोय नसते. पण ७७५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसायच्या खाचेच्या) प्रोसेसरच्या पोटावर बीसेल नावाचे तीन पॅड, म्हणजे धातूचे ठिपके, असतात आणि बोर्ड तेच बघून बसचा, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या मूळ ठोक्याचा, वेग ठरवतो. इंटेलच्या क्यू६६०० प्रोसेसरची बस २६६ मेगाहर्ट्झ, मल्टिप्लायर (गुणक) ९, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. त्यातला एक पॅड झाकला की बोर्ड बस ३३३ वर नेतो आणि तोच प्रोसेसर ३.० वर पळतो. हे ७५५ वर जमायचं. ७४५ चा बोर्ड तेवढी बस देतच नाही.

मी मामांच्या मशीनला साधी सेलोटेप लावली. उन्हाळा होता. पंधरा दिवसांत गोंद पातळ होऊन टेप सरकली. काढताना तुकडा सॉकेटात पडला, चिमट्यानं उचलायला गेलो आणि दोन पिना आडव्या झाल्या. बोर्ड गेला. दुसरा माझ्या खिशातून घातला. त्या दिवशी मामांनी चहा सांगितला तो मात्र दोघांसाठी. पुढं मोबाईल रिपेअरवाल्यांकडची उष्णता सोसणारी पिवळी कॅप्टॉन टेप आणली, घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं. मिलिमीटरभर तुकडा ब्लेडनं कापायला हात बसला. रात्रभर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) चालवल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर सोडायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

खरं सांगायचं तर ओव्हरक्लॉकिंगनं नाव झालं, पोट भरलं एसएसडीनं, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान चिपच्या डिस्कनं. जुन्या आय५ प्रोसेसरच्या मशीनमध्ये एसएसडी घातली की गिऱ्हाइकाला स्क्रीनवर फरक दिसतो, समजावून सांगावं लागत नाही.

ग्राफिक्स कार्डाचं गणित वेगळं. ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या मिनिटॉवरला पॉवर सप्लाय २७५ वॅटचा. म्हणून स्लॉटातूनच वीज घेणारं, ७५ वॅटचं जीटीएक्स १०५० टीआय आमचं लाडकं कार्ड. पोरं मोठं कार्ड घेऊन येतात, मी परत पाठवतो. एकजण ७०१० साठी हौसेनं ३७७०के, म्हणजे मल्टिप्लायर वाढवता येणारा 'के' प्रोसेसर, घेऊन आला. त्याला सांगावं लागलं, बाबा, या बोर्डावरचा क्यू७७ चिपसेट मल्टिप्लायर वर जाऊ देत नाही, के चे पैसे वाया. उलट एचपीच्या झेड४२० वर्कस्टेशनमधला सहा कोअरचा झिऑन ई५-१६५० प्रोसेसर उघडा असतो, म्हणजे त्याचा मल्टिप्लायर वाढवता येतो. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका पोराला थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमधून तो वाढवून दिला. बिलावर 'वेग वाढवलेला आहे' असं लिहूनच.

२०२० मध्ये ऑनलाइन शाळा सुरू झाल्या आणि माळ्यावरची फुगलेल्या कपॅसिटरची मशीनंसुद्धा खाली आली. बायको हिशेब सोडून सोल्डरिंगला बसली. तिचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ आहे, कपॅसिटरचं काम आता तिच्याकडंच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळं चौथ्या पिढीची मशीनं पुन्हा लॉटमध्ये येतायत. बऱ्याच जणांना विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून देतो. मामांच्या ७५५ ला नेट जोडलेलंच नाही. परवा त्यांचा मुलगा पंखा बदलायला घेऊन आला होता. डोंगल अजून मागं लावलेला, रबर बँडनं बांधून.