तीट, आरसा आणि सरकीचा पुडा

रविवार, रात्री

कापूस वेचणी सुरू झाली की बाया उजाडताच वावरात आणि लेकरं आजीपाशी. आठ-नऊ महिन्यांचं लेकरू माय दिसेनाशी झाली की आकांत करतं. बुढी म्हणते, "पोट्टं हेकट झालं!" हेकट नाही, शहाणं झालं. नजरेआड गेलेली माय कुठंतरी आहेच, हे त्याला आता उमगलंय.

'मी' म्हणजे कोण, हे कळायला मात्र दीड-दोन वर्षं लागतात. मानसशास्त्रज्ञ ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ साली लेकरांच्या नाकाला रंग लावून त्यांना आरशासमोर ठेवलं होतं. आपल्याकडे काजळ आहेच. फक्त ते रोजच्या तिटेच्या जागी नको; तिथल्या काळ्याची लेकराला सवय असते, ते हातच लावत नाही. शेंबूड पुसता पुसता, कळू न देता नाकाच्या बाजूला लावावं. आरसा भिंतीवरून उतरवून त्याच्या उंचीला टेकवावा आणि आधी थोडा वेळ नुसतं खेळू द्यावं. आरशातल्या पोराला हात लावला तर अजून अवकाश आहे. स्वतःच्या नाकाला लावला तर ओळखलं. ज्या घरी आरसा उंच खिळ्याला टांगलेला, तिथलं पोर बरेचदा नुसतं थबकतं. तेवढ्यावरून त्याला मठ्ठ ठरवणं चूक.

पुढची गंमत चार वर्षांच्या आसपास. बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात सरकी भरून तोंड बंद करायचं. हलवायचा नाही, आवाजानं कळतं. आत काय? "बिस्कीट." उघडून दाखवायचं, पुन्हा बंद करायचं. आता दादा आला तर त्याला काय वाटेल? तीन वर्षांचं पोर ठामपणे "सरकी" म्हणतं. बरं, तुला आधी काय वाटलं होतं? तरी "सरकी"च! ही लबाडी नाही. आपलं मघाचं मन आणि दुसऱ्याचं मन, दोन्ही त्याला अजून वेगळी धरता येत नाहीत. चार-पाच वर्षांचं पोर "बिस्कीट" म्हणतं आणि वर दादाची फजिती होणार म्हणून हसतं. तिनाच्या आतल्या पोराला खोटारडं म्हणून झोडपणाऱ्यांनी हा खेळ एकदा करून बघावा.

वयात आल्यावर उलटं होतं, सगळं गाव आपल्याकडेच बघतंय असं वाटतं. चारचौघांत बोललेलं तेव्हा फार लागतं. आणि अठरा भरले की अक्कल आली, असं धरून आपण सोयरीक उरकतो. आगापिछा तोलणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडतच असतो.