अण्णांचं इंजेक्शन

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत सोलापुरात पहाटे चादर सोडवत नाही. यंदा संक्रांतीच्या आदल्या रात्री मात्र अण्णा चादर पायाशी लोटून कॉटवर उठून बसले होते. मान, छाती घामानं निथळत होती. "पंखा लाव गं, उकडायलंय." पाच मिनिटांत घाम जिरला, हुडहुडी भरली आणि तीच चादर त्यांनी परत गळ्यापर्यंत ओढून घेतली.

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी त्यांना दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन असतं. त्यानं टेस्टोस्टेरॉन जवळपास बंद पडतं, म्हणून अंगातून या वाफा. आयुष्यभर चादरीच्या लूमवर उभा राहिलेला माणूस, पण "पुरुषी हार्मोन बंद करायचं" हे ऐकल्यापासून कुणाच्या नजरेला नजर देईना. त्या दिवशी दोन मिनिटांत चिठ्ठी हातात आली, समजावलं कुणीच नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. या गाठीला हे हार्मोन पोसतं, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, एवढं मला माहीत होतं. दुसरी बाजू अण्णांसाठी वाचायला बसले तेव्हा कळली. हे हार्मोन ज्याला जाऊन चिकटतं तो अँड्रोजेन रिसेप्टर आपल्या टी पेशींमध्येही, म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्येही असतो. तिथं ते चिकटलं की इंटरफेरॉन गॅमा हे लढ्याला चेतवणारं प्रथिन कमी तयार होतं आणि कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात उंदरांचा हा रिसेप्टर अडवल्यावर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशींनाच कॅन्सरवर सोडणारा उपचार, जास्त लागू पडली. ल्युपससारख्या, शरीर स्वतःवरच उलटणाऱ्या आजारात दहातल्या नऊ रुग्ण बायका असतात, त्यामागेही हार्मोन्सचा हात आहेच.

हे सगळं मी अण्णांना पाटावर बसवून, भाकरी करता करता सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे चोराला जेवण अन् राखणदाराला गुंगी?"

मला इतकं नेमकं वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. पण खोटी आशा नको, म्हणून पुढचंही सांगितलं. हाच रिसेप्टर अडवणारं एन्झालुटामाइड हे औषध आणि इम्युनोथेरपी एकत्र देऊन सातशेहून जास्त पुरुषांवर मोठी चाचणी झाली, तरी त्यांचं आयुष्य वाढलं नाही. प्रोस्टेटच्या गाठीत टी पेशी मुळात फार थोड्या शिरतात. राखणदार जागा झाला तरी घरात पोचला पाहिजे ना!

"मग आपलं इंजेक्शन?"

"ते चोराचं जेवण तोडतं, अण्णा. ते चुकवायचं नाही." हाडं ठिसूळ होतात म्हणून रोज सकाळी सिद्धेश्वर तळ्याकाठी चालायचं, हेही तेव्हाच ठरलं.

परवा इंजेक्शनला गेलो. बाकावर पहिल्यांदाच आलेले एक गृहस्थ खाली मान घालून बसले होते. अण्णा सरकत सरकत त्यांच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "रात्री घाम येईल, घाबरू नका. चादर मात्र हाताशी ठेवा, मागनं थंडी वाजते."