केन्तो जुळेना म्हणून… मोकुहांगा शिकतानाचा माझा अनुभव

मोकुहांगा म्हणजे जपानी पद्धतीची लाकडी ठशांची छपाई, होकुसाई आणि हिरोशिगे या जुन्या जपानी चित्रकारांची चित्रं ज्या पद्धतीने छापली गेली तीच. मी तोक्योत निशि-कासाईला राहते, आणि एका रविवारी सुमिदा होकुसाई म्युझियममध्ये पहिल्यांदा ती चित्रं अगदी जवळून बघितली तेव्हा आभाळातला तो निळा, वरच्या कडेला गडद आणि खाली उतरत उतरत नुसता कागद उरतो, तो डोक्यातून जाईचना. तो रंगवलेला नाही, छापलेला आहे, आणि प्रत्येक प्रतीत तसाच. म्हटलं हे आपल्याला एकदा तरी करून बघायचंय.

हत्यारांची सुरुवात सोपी झाली. इथे प्राथमिक शाळेतच मुलांना लाकूड कोरायला शिकवतात त्यामुळे पाच पटाशांचा सेट कुठेही स्वस्तात मिळतो, तो घेतला, शिना नावाच्या झाडाचं प्लायवूड घेतलं (मऊ असतं, नवशिक्यांना बरं, बारीक रेघ मात्र तुटते, जुने कारागीर पहाडी चेरीचं लाकूड वापरायचे ते उगाच नाही) आणि शाळेतला साधा बारेन. बारेन म्हणजे कागदाच्या पाठीवर घासायची चपटी गोल गादी, बांबूच्या कोंबावरच्या सालीत गुंडाळलेली. प्रेस वगैरे काही लागतच नाही. खरा होन-बारेन आतून बांबूच्या सालीच्याच पिळलेल्या दोरीची गुंडाळी असतो आणि त्याची किंमत बघून मी तो गुपचूप परत ठेवला. पण एक वस्तू मात्र नीट घ्या, हांगितो, म्हणजे रेघ कापायची सुरी. ती मुठीत धरायची, अंगठा दांड्याच्या डोक्यावर, दुसऱ्या हाताचं बोट पात्याला टेकवून दिशा द्यायची आणि आपल्याकडे ओढायची. धारेसाठी १००० आणि ६००० नंबरचे पाण्याचे दगड घेतले. बोथट सुरीने लाकूड कापलं जात नाही, फाटतं, हे मी एक अख्खी फळी घालवून शिकले.

शिकले मुख्यतः डेव्हिड बुल यांच्या व्हिडिओंवरून. हे गृहस्थ कॅनडातून १९८६ ला जपानात आले आणि शंभर कवींच्या चित्रांची मालिका दहा वर्षं लावून एकट्याने कोरून छापली. दुसरा आधार फ्लेचर यांच्या याच छपाईवरच्या १९१६ च्या इंग्रजी पुस्तकाचा, नेटवर फुकट आहे, आणि त्यात खळ तांदळाच्या पिठाची करायची हे वाचून मला एकदम घरचंच काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. चमचाभर पीठ, चारपाच चमचे पाणी, मंद आचेवर घोटत राहायचं, पारदर्शक दिसायला लागलं की झालं. ठशावर आधी रंग, मग खळीचा छोटा थेंब, मग ब्रशने सारखं करायचं. खळ कमी पडली की छपाईत तिळासारखे ठिपके येतात, त्याला गोमाझुरीच म्हणतात, गोमा म्हणजे तीळ.

चित्र ठरवलं अराकावा नदीवरचा तोझाई मेट्रो लाईनचा पूल, रोज ऑफिसला जाताना ओलांडते तो. काळी रेघ, आभाळ, पाणी, काठचं गवत, चार ठसे, दोन फळ्यांच्या दोन्ही बाजू.

आणि इथे गाडी अडली. रंग जुळवायला प्रत्येक ठशावर दोन खाचा कोरतात, उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनातली कागी आणि खालच्या कडेला डावीकडे सरळ हिकित्सुके, दोन्ही मिळून केन्तो. कागद त्यात टेकवला की रंग जागेवर बसलाच पाहिजे. माझं गवत पाण्यात उतरलेलं आणि आभाळ पुलाच्या आत. कारण मी रंगांचे ठसे कार्बन पेपरने ट्रेस केले होते. खरी पद्धत अशी की रेघांचा ठसा आधी कोरायचा, त्याच्या केन्तोच्या खाचांसकट पातळ कागदावर प्रती काढायच्या आणि त्याच प्रती बाकीच्या फळ्यांवर उलट्या चिकटवून कोरायचं, म्हणजे चूक शिरायला जागाच राहत नाही. तिन्ही ठसे परत कोरले. सव्वा महिना गेला, संध्याकाळी जेवणं झाली की दीड-दोन तास.

तरीही जुळेना! पहिल्या दहा प्रती ठीक, पुढे हळूहळू सरकायला लागलं. ठसे तपासले, खाचा तपासल्या, सगळं बरोबर. दोन रविवार गेल्यावर लक्षात आलं, कागद. कोझोचा (तुतीच्या जातीतल्या झाडाच्या सालीचा) कागद ओला करून छापतात, ओला झाला की तो वाढतो, वाळला की आक्रसतो, आणि तोक्योचा हिवाळा कोरडा, त्यात मी हीटर लावून बसलेली. पहिला रंग ओल्या कागदावर आणि चौथा अर्धवट वाळलेल्यावर, मग जुळणार कसं. आता आदल्या रात्री ओल्या वर्तमानपत्रांच्या मध्ये कागद रचते, प्लास्टिकमध्ये गुंडाळते, छापताना एकच कागद बाहेर काढते आणि छापला की लगेच परत ओल्या गठ्ठ्यात. हीटर बंद, अंगात दोन स्वेटर. उन्हाळ्यात उलटं, दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा गठ्ठा फ्रीझरमध्ये.

आभाळाचा निळा प्रशियन ब्लूच घेतला, १८३० च्या सुमारास होकुसाईच्या फुजी पर्वताच्या चित्रांत आला तोच, जपानीत बेरो-आई. उतरती छटा म्हणजे बोकाशी, त्यासाठी ठशाच्या खालच्या भागावर ओलं फडकं फिरवायचं आणि ब्रशच्या एकाच टोकाला रंग घेऊन आडवा फिरवायचा, प्रत्येक प्रतीला नव्याने. पहिल्या पाच-सहांत सरळ पट्टाच आला. सातव्या प्रतीत पुलाच्या वरून निळा खाली उतरत विरून गेला आणि मी कागद हातात धरून कितीतरी वेळ खिडकीपाशी उभी होते.

वीसपैकी अकरा प्रती नीट जुळल्या. त्या आता पुठ्ठ्यांमध्ये वजनाखाली वाळतायत, एक आईला पुण्याला पाठवणार आहे. योशिदा हिरोशी या जपानी चित्रकाराने भारतात येऊन ताजमहाल आणि अजिंठ्याचीही अशीच छापचित्रं केली होती, १९३१-३२ च्या सुमाराची, ती बघितल्यापासून माझ्या डोक्यात अजिंठ्याच्या वाघोरा नदीचा पावसाळ्यातला तो वळसा घोळतोय. चेरीची एक छोटी फळी आणून ठेवलीय.