जोड बघून कुस्ती : आमच्या हॅकिंगच्या खेळाची वाटचाल

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात शिरलं की आधी दिसतं ते पिग्मीचं काम. पतसंस्थांच्या पिग्मी एजंटांसाठी मोबाईल ॲप, वजनकाट्याच्या पावत्या, अधूनमधून एखाद्या कॉलेजची वेबसाइट. पगार निघतात ते यातून. आतल्या खोलीत काय चालतं, हे मात्र जपून सांगावं लागतं, कारण तिथं आम्ही हॅकिंगचा ऑनलाइन खेळ चालवतो. कर्जाच्या अर्जात ‘व्यवसायाचे स्वरूप’ या रकान्यात हे वाचून बँकेतल्या साहेबांना घाम फुटला होता. शेवटी ‘संगणकीय मनोरंजन’ असं लिहिल्यावर प्रकरण पुढं सरकलं.

खेळ समजायला सोपा आहे. नाव नोंदवलं की तुम्हाला एक काल्पनिक सर्व्हर मिळतो. त्यावर थोडी डिस्क, थोडा प्रोसेसर, एक फायरवॉल (दार राखणारा प्रोग्राम) आणि एक क्रॅकर (दुसऱ्याचं दार तोडणारा). दुसऱ्याच्या सर्व्हरचा पत्ता हुडकायचा, फायरवॉल तोडायची, फाइली किंवा खेळातले पैसे उचलायचे आणि बाहेर पडण्याआधी त्याच्या लॉगमधली, म्हणजे कोण आलं-गेलं याच्या नोंदवहीतली, आपली ओळ पुसायची. ओळ राहिली की त्याला तुमचा पत्ता मिळतो आणि उलटा हल्ला येतो. खऱ्या इंटरनेटशी यातल्या कशाचाच संबंध नाही. पत्तेसुद्धा आम्ही १९२.०.२, १९८.५१.१०० आणि २०३.०.११३ या तीन गटांतलेच देतो. हे गट कागदपत्रांत उदाहरणं देण्यासाठी राखून ठेवलेले आहेत, कुठल्याही खऱ्या मशीनला ते दिले जात नाहीत. एखाद्यानं उत्साहाच्या भरात खेळातला पत्ता खऱ्या टर्मिनलवर (आदेश टाइप करायच्या खिडकीत) टाकला तरी कोणाचं काही बिघडत नाही. पालकांचे फोन येतात. "अहो, पोरगं हॅकिंग शिकतंय म्हणे तुमच्याकडं?" मी सांगतो, "काकू, त्याला पहिलं पान उघडायला सांगा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ आहे तिथं. परवानगीशिवाय, लबाडीच्या हेतूनं दुसऱ्याच्या संगणकात शिरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते वाचल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही." बहुतेक काकूंचं यावर समाधान होतं.

कल्पना आमची नव्हे. २००१ साली इंट्रोव्हर्जन या इंग्लंडमधल्या छोट्या कंपनीनं ‘अपलिंक’ काढला, तो एकट्यानं खेळायचा. पुढं ब्राउझरमध्ये एकमेकांविरुद्ध खेळायचे ‘स्लेव्हहॅक’सारखे खेळ आले, २०१६ मध्ये ‘हॅकमड’, २०१७ च्या अखेरीला ‘ग्रे हॅक’. मी आणि माझा भागीदार यांतच रात्री घालवून तयार झालो. ‘हॅकमड’मध्ये तर अनोळखी माणसाची स्क्रिप्ट (लिहून ठेवलेल्या आदेशांचा छोटा प्रोग्राम) चालवली आणि ती सुरक्षेच्या कुठल्या पातळीवरची आहे ते बघितलं नाही, की खिसा रिकामा. जुने खेळाडू नवख्यांना गोड बोलून अशा स्क्रिप्टा चालवायला लावत. लुटणाऱ्याला यात मजा होती, हे मी नाकारणार नाही.

एकट्यानं खेळायच्या खेळात नवखा आणि मुरलेला हा प्रश्नच येत नाही, कारण यंत्र तुमच्याइतकंच कच्चं ठेवता येतं. माणसं समोरासमोर आली की तो येतो आणि हॅकिंगच्या खेळात जरा जास्तच टोचतो. लढाईच्या खेळात हरणारा निदान लढलेला असतो. इथं तो झोपलेला असतो.

आमच्या सुरुवातीच्या दिवसांतला एक लॉग मी जपून ठेवलाय. गडहिंग्लजचा इंजिनीअरिंगचा पोरगा, आठवडाभर रोज संध्याकाळी बसून त्यानं सर्व्हर उभा केलेला. "०२:१७, २०३.०.११३.४५ वरून प्रवेश. ०२:१८, फाइली हलवल्या : ३१. ०२:१९, डिस्क रिकामी." हल्लेखोरानं आपली ओळ पुसण्याचे कष्टही घेतले नव्हते. नवखा करून करून करणार काय? सकाळी पोरगा आला, रिकाम्या डिस्कवर फाइली दाखवायचा आदेश त्यानं लागोपाठ दोनदा दिला आणि बाहेर पडला. पुन्हा आला नाही.

त्या काळी या जातीच्या खेळांत नियम असायचा तो आवृत्तीचा. तुमचा क्रॅकर ५.३ आणि समोरची फायरवॉल ५.२, म्हणजे तुटणार म्हणजे तुटणारच. उलट असेल तर जन्मात नाही. आवृत्ती वाढते वेळ दिल्यावर, आणि चोरलेला प्रोसेसर जोडला की आणखी वेगानं वाढते. म्हणजे ज्याचं खातं जुनं, तो पुढं. पुढं असल्यामुळं तो आणखी पुढं.

कोल्हापुरात हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. जत्रेच्या मैदानात जोड लावणारी जाणती माणसं असतात. दोन पैलवान शेजारी उभे करतात, अंगकाठी बघतात, तालीम कुठली, वस्ताद कोण, मागची कुस्ती कोणाशी झाली हे विचारतात आणि मग कुस्ती लावायची की नाही ते ठरवतात. आमच्या मैदानात जोड लावणारं कोणी नव्हतं.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते संरक्षण : नव्या खात्यावर पहिले दोन आठवडे हल्ला बंद. मला हा उपाय कधी पटला नाही. पंधरा दिवसांत नवखा बचावातलं काहीच शिकत नाही, कारण शिकायची वेळच येत नाही. जुने मात्र त्याच्या नोंदणीची तारीख लिहून ठेवतात. आम्ही संरक्षण तीन दिवसांचं ठेवलं, तेही आदेश हाताखाली बसावेत एवढ्यापुरतं.

त्यापेक्षा आवृत्तीचा नियमच मोडला. बुद्धिबळातलं एलो गुणांकन, म्हणजे खेळाडूची ताकद एका आकड्यात मोजायची पद्धत, अनेकांना माहीत असतं : दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याचा अपेक्षित वाटा साधारण ७६ टक्के, ४०० चा असेल तर ९१ टक्के. तेच गणित आम्ही क्रॅकर आणि फायरवॉलच्या मध्ये बसवलं. फरक कितीही असो, तुटण्याची शक्यता शंभर टक्के होत नाही आणि शून्यही होत नाही. शिवाय प्रत्येक खेळाडूच्या गुणांसोबत त्या गुणांवर किती भरवसा ठेवायचा तेही मोजायला लागलो. ही युक्ती मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ग्लिको पद्धतीतली. नव्या खात्याबद्दल खात्री कमी, म्हणून त्याचे गुण भराभर हलतात. एखादा मुरलेला गडी दुसरं खातं उघडून नवख्यांत घुसला की चार-दोन हल्ल्यांतच वर फेकला जातो. तसे हे लोक ओळखूही येतात. खरा नवखा ‘मदत’ टाइप करतो आणि चुकतो. हा माणूस पहिल्या मिनिटाला न अडखळता लॉग पुसत असतो.

मग जुन्यांचा फोन आला. इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळीला संगणकावर बसणारा आमचा एक फार जुना खेळाडू आहे. म्हणाला, "दादा, आम्ही रात्र-रात्र जागून वाढवायचं आणि काल आलेलं पोरगं अकरातनं एकदा मला फोडणार? मग जागायचं कशाला?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. नवख्याला वाचवायचं म्हणून जुन्याची मेहनत फुकट घालवली, तर उद्या आजचा नवखा तरी कशासाठी मुरेल? त्यावर आमच्या आतल्या खोलीत बरीच भांडणं झाली आणि त्यांतून एक भेद ठरला, तो आजपर्यंत पाळतोय. खेळाडूच्या हातात जे आहे ते त्याचं : त्यानं लिहिलेल्या स्क्रिप्टा, लॉग वाचायची नजर, कोणावर कधी जायचं याचा अंदाज. गोदामात जे साठलंय ते हंगामापुरतं. तीन महिन्यांनी सगळ्यांचे सर्व्हर, पैसे, आवृत्त्या शून्यावर येतात. स्क्रिप्टा राहतात.

आइसलँडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’नं वेगळी वाट धरली, तीही आम्ही तपासली. २००३ पासून चालणारा तो खेळ, आणि त्यात कौशल्यं खऱ्या घड्याळाप्रमाणे वाढतात. म्हणजे उशिरा आलेल्याला जुन्याला गाठणं अशक्यच. २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांनी कौशल्य भरायची इंजेक्शनं आणली. पन्नास लाखांपेक्षा कमी गुण असलेल्याला एका इंजेक्शनचे ५ लाख मिळतात, आठ कोटींच्या वर गेलेल्याला फक्त दीड लाख. उतार हुशारीनं काढलाय. पण शेवटी ज्याच्या खिशात पैसे तो भरणार, आणि आमचे खेळाडू बहुतेक हॉस्टेलवर राहून महिनाअखेरीला मेसचा हिशेब करणारे.

मला सगळ्यांत अभिमान आहे तो पुढच्या बदलाचा, आणि त्याचं मूळ खऱ्या घटनेत आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम जगभर पसरला, रुग्णालयांची कामं खोळंबली. विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो शिरत होता तिचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी लावला नव्हता ते सापडले. त्यावरून आम्ही खेळातल्या त्रुटींना वय दिलं. एखादी त्रुटी कोणीतरी शोधून काढतो, ती त्याची एकट्याची असते आणि जबरदस्त चालते. पण प्रत्येक वापरानं ती थोडी उघडी पडते. ठरावीक वापरानंतर तिचा पॅच बाजारात येतो आणि जो लावेल तो वाचतो.

याचा परिणाम आम्ही धरला होता त्यापेक्षा मोठा झाला. पूर्वी जुना खेळाडू नवख्याला सहज चिरडायचा, कारण त्यात त्याचं काही जात नव्हतं. आता नवख्यावर आपली राखून ठेवलेली त्रुटी वापरणं म्हणजे जत्रेतल्या रेवड्यांच्या कुस्तीत ठेवणीतला डाव काढणं. मिळणार किरकोळ, आणि डाव मात्र सगळ्यांना दिसणार. वस्ताद एक डाव राखून ठेवतो तो उगाच नाही. मनाई न करता नवख्यांवरचे हल्ले कमी झाले. जुने जुन्यांशीच भिडायला लागले, आणि नवख्याशी नवखाच, जुन्या आणि सगळ्यांना माहीत असलेल्या त्रुटी घेऊन. पॅच न लावणारा मात्र कितीही जुना असो, मार खातो. इचलकरंजीकरही एकदा खाऊन बसलेत.

जुन्यांना नवख्यांकडं बघायला दुसरं कारणही दिलं. मुरलेला खेळाडू सरावाचा सर्व्हर बांधू शकतो. नवखे तो फोडायचा प्रयत्न करतात आणि बांधणाऱ्याला त्याचं नाव आणि गुण मिळतात. गणित असं : प्रयत्न करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना फुटला तर सर्वाधिक गुण, सगळ्यांना फुटला तर थोडे आणि कोणालाच फुटला नाही तर शून्य. अभेद्य सर्व्हर बांधून मिशीला पीळ देणाऱ्यांची यात पंचाईत झाली. अवघड बांधणं सोपं असतं. ज्याला काही येत नाही त्याच्या नजरेनं दार कुठं उघडं ठेवायचं, हे जमायला वेळ लागतो. काही जणांनी मित्रांना उत्तर आधीच सांगून निम्म्याचं गणित जुळवलं. नूरा कुस्ती इथंही आलीच. आता ज्यांचा आपसात आधी काही व्यवहार झालाय त्यांचं फोडणं आम्ही मोजत नाही.

कॉलेजांसाठी हॅकिंगच्या स्पर्धा घ्यायला लागलो तेव्हा हाच पेच वेगळ्या कपड्यांत भेटला. अशा बऱ्याच स्पर्धांत जितके जास्त संघ एखादं कोडं सोडवतील तितके त्याचे गुण उतरत जातात, आणि आधी सोडवलेल्यांचेही उतरतात. मुरलेल्या संघांमध्ये न्याय करायला ही पद्धत उत्तम. पण पहिल्यांदा आलेली पोरं सोपं कोडं सोडवतात, फलकावर ५०० दिसतात, टाळ्या वाजतात आणि चहा पिऊन येईपर्यंत तेच १०० झालेले असतात. आपलं काहीतरी चुकलं असं त्यांना वाटतं. आम्ही सोप्या कोड्यांचे गुण पक्के ठेवतो, उतरती पट्टी फक्त अवघड कोड्यांना. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठानं २०१३ मध्ये ‘पिकोसीटीएफ’ ही हॅकिंगची स्पर्धा सुरू केली ती मुद्दाम शाळकरी मुलांसाठी. मराठी मुलखातल्या पॉलिटेक्निकांत तशा सोप्या चढणीची गरज फार आहे, आणि आमचं आजचं या विभागातलं उत्पन्न मुख्यतः तिथूनच येतं.

पैशाचं थोडक्यात. खेळात आवृत्ती, प्रोसेसर, संरक्षण यांतलं काहीही विकत मिळत नाही. विकतो ते टर्मिनलचे रंग आणि कॉलेजांना स्वतंत्र मैदान. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राचा कायदा आला. आमच्याकडं पैसे लावायची सोयच नसल्यानं तसा संबंध नव्हता, पण ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा देणाऱ्या कंपनीनं ‘गेमिंग’ शब्द बघून आमचं खातं अडकवून ठेवलं. तेवढे दिवस पिग्मीनं तारलं.

सध्याचा त्रास नवखे चॅटबॉटकडून स्क्रिप्ट लिहून घेऊन येतात हा. हातातलं आणि गोदामातलं हा आमचा भेद इथं गडबडतो, कारण स्क्रिप्ट त्यांच्या हातात आहे पण हातची नाही. बंदी घालणार नाही. ती पाळली जाते की नाही हे बघायला आमच्याकडं माणसं नाहीत, आणि जुन्यांतले निम्मे तेच करतात. पुढच्या हंगामात प्रत्येक स्क्रिप्टला ओळींच्या आणि फेऱ्यांच्या हिशेबानं प्रोसेसरचा खर्च लावतोय. बॉटनं लिहिलेली स्क्रिप्ट लांबलचक असते, दहा गोष्टी विनाकारण तपासते, त्यामुळं सावकाश चालते आणि लॉगमध्ये जास्त ओळी सोडते. जिला काट मारता येते ती टिकते, आणि काट मारायला ती आधी वाचून समजावी लागते. चाचणीचा सर्व्हर चालू आहे. खर्चाचा दर किती ठेवायचा यावर भागीदाराचं आणि माझं अजून एकमत नाही. त्याला तिप्पट हवा, मला दीडपट.