काहीच न घडलेल्या वर्षाचे बिल

काकांच्या प्रश्नात लागण्यासारखे काही नव्हते, असे मी दुपारपासून स्वतःला समजावते आहे. मी सांभाळते त्या त्यांच्या वेबसाइटच्या देखभालीचे वार्षिक बिल हाती पडल्यावर त्यांनी फोन केला आणि अगदी सहजपणे विचारले, "अगं, वर्षभरात साइटला तर काहीच झालं नाही, मग हे पैसे कशाचे?" स्वरात संशय नव्हता, रागही नव्हता. बिल आपण भरणार आहोत, हेही त्यांनी आपणहून सांगितले. मग मला नेमके काय लागले, ते कळावे म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्यांदा मनात आले ते असे की, काहीच झाले नाही हेच तर माझे काम. काकांची साइट वर्डप्रेसवर चालते. २००३ साली ब्लॉग लिहिण्यासाठी निघालेल्या या प्रणालीवर आज वेबवरच्या दर पाच साइटपैकी दोनांहून अधिक साइट उभ्या आहेत, आणि म्हणूनच तिच्या एखाद्या लोकप्रिय प्लगइनमध्ये, म्हणजे साइटला जादा सोयी देणाऱ्या जोड-प्रोग्रॅममध्ये, सुरक्षेची त्रुटी सापडल्याची बातमी फुटली की बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, जगभरच्या साइटवर तीच त्रुटी शोधत फिरू लागतात. व्यवसाय किती लहान आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. "आमच्या एवढ्याशा साइटवर कोण हल्ला करणार?" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक क्लायंटकडून ऐकले आहे, साइटवरच्या हालचालींची नोंद म्हणजे लॉग उघडला की मात्र लॉगिनच्या पानावर चुकीच्या पासवर्डांची रांग लागलेली दिसते. प्लगइन अपडेट करण्यापूर्वी मी साइटची प्रत वेगळ्या जागी उभी करते, अपडेट तिथे करून पाहते, एकेक पान उघडून काही मोडले नाही याची खात्री करते आणि मगच मूळ साइटला हात लावते. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीची ७.४ ही आवृत्ती २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सुरक्षा-दुरुस्त्यांना मुकली, तेव्हाही साइट नव्या आवृत्तीवर अशीच नेली. काकांना त्यातले काहीच कळले नाही, आणि कळू नये हाच माझा प्रयत्न होता.

सर्वांत जास्त मला आठवतो आहे तो साइटवरचा चौकशीचा फॉर्म. त्यात भरलेली चौकशी काकांना मेलने जाते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. ज्या डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, नावाने मेल येतो, त्या डोमेनची त्याला संमती आहे, याचा पुरावा डोमेनला जोडलेल्या एसपीएफ किंवा डीकेआयएम या तांत्रिक नोंदींतून मिळायला हवा, असा त्यांचा आग्रह आहे. ही व्यवस्था नीट नसेल तर फॉर्म भरणाऱ्याला "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क साधू" असे दिसत राहते आणि मेल मात्र स्पॅममध्ये पडतो किंवा पोहोचतच नाही. माझ्या मते बिघाडाची ही सर्वांत वाईट जात आहे, कारण साइट बंद पडली तर निदान कोणीतरी कळवते. इथे चौकशी करणाऱ्याला वाटते की काका उत्तर देत नाहीत, आणि काकांना वाटते की हल्ली कोणी विचारत नाही. दोघेही एकमेकांविषयी चुकीचा समज करून गप्प बसतात. त्या नोंदी मी नियम लागू होण्याआधीच बसवल्या होत्या आणि तेव्हापासून अधूनमधून तो फॉर्म परक्या माणसासारखा स्वतः भरून पाहते. पण वेळेवर पोहोचलेल्या चौकशीचे श्रेय कोणत्या वहीत मांडायचे?

साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या सर्टिफिकेटचेही तसेच. आम्ही वापरतो ते मोफत सर्टिफिकेट ९० दिवसांचे असते आणि आपोआप नवे होते. पण होस्टिंगवाल्याने सर्व्हर बदलला किंवा डोमेनला सर्व्हरशी जोडणाऱ्या डीएनएसमध्ये काही हलले की ते आपोआप नवे होईनासे होते, म्हणून लक्ष ठेवावे लागते. मार्च २०२९ पासून तर कोणत्याही सार्वजनिक सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त ४७ दिवस राहणार आहे.

मुखपृष्ठावरचा फोटो बदलला होता, त्याला फारसा वेळ लागला नव्हता, आणि काकांनी तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना कौतुकाने दाखवला. ज्या कामात माझा खरा कस लागतो ते कोणालाही कधीच दिसणार नाही, हे मला नवे नाही; तरी आज ते फार एकटे वाटले. ताईला सांगितले तर ती म्हणाली, नोकरीत तरी कुठे कोणाला दिसते. तिच्या जागी ते खरे असेल. त्यावरून मी नोकरी का सोडली हा विषय पुन्हा निघाला, आणि तो आज नको.

संध्याकाळी एक गोष्ट ध्यानात आली आणि प्रश्न जरा वेगळा दिसू लागला. काकांचा सारा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेला. ते पंप खोलतात, घासलेले बेअरिंग किंवा फाटलेले सील बाहेर काढतात आणि नवा भाग बसवल्यावर जुना ग्राहकाच्या हातावर ठेवतात. त्यानंतर पैशांचे बोलणे होते. न बिघडलेल्या पंपाचे पैसे त्यांनी कधी मागितलेले नाहीत. म्हणजे त्यांनी मला विचारले ते माझे काम कमी लेखून नव्हे. ज्या सचोटीने ते स्वतःचे बिल करतात, तीच सचोटी त्यांनी माझ्या बिलाला लावली. मला लागले ते बहुधा एवढ्यासाठी की त्यांच्या हातावर ठेवायला माझ्याकडे झिजलेला भाग नाही.

मग मी तो तयार करायला बसले. वर्षभरातल्या कामांची नोंद काढली, प्रत्येक अपडेटपुढे ते न केल्यास काय झाले असते ते लिहीत गेले, आणि पान भरल्यावर वाचून पाहिले तर मलाच भीती वाटली. हल्ले, चोरी, काळ्या यादीत जाणारे डोमेन, असे सगळे त्यात होते. एकही विधान खोटे नव्हते, तरी तो कागद काकांसमोर ठेवणे मला पटेना. माझ्या व्यवसायातली जी गोष्ट मला मनापासून नकोशी वाटते ती हीच: लहान व्यावसायिकाला न मागता मेल जातो, त्यात त्याच्या साइटच्या चाचणीतला लाल वर्तुळातला आकडा असतो, आणि तो आकडा काय मोजतो हे न समजावता केवळ रंगाच्या धाकाने त्याच्याकडून काम काढले जाते. ज्याला तपासून पाहता येत नाही अशा माणसाला भीती विकणे हा अन्याय आहे, मग ती भीती खरी का असेना. मी तो कागद ठेवला नाही.

त्याऐवजी साधे पत्र लिहिले. काय केले ते सांगितले आणि त्यातले कोणते काम साइटच्या आजच्या रचनेमुळेच करावे लागते तेही सांगितले. वेबवरचे पहिले पान १९९१ साली सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रसिद्ध झाले. त्याची १९९२ सालची प्रत २०१३ मध्ये पुन्हा मूळ पत्त्यावर ठेवण्यात आली आणि आजच्या ब्राउझरमध्ये ती विनातक्रार उघडते. तिच्यामागे डेटाबेस नाही, प्लगइन नाहीत. मजकूर, दुवे आणि पानाची रचना सांगणाऱ्या एचटीएमएलच्या थोड्या खुणा एवढेच आहे. काकांच्या साइटची मोजकी पाने तशीच साध्या फाइलींमध्ये ठेवता येतील. हे मी सुरुवातीलाही सुचवले होते, पण तेव्हा त्यांना मजकूर स्वतः बदलायचा होता, आणि ती इच्छा रास्त होती. तो त्यांनी अजून बदललेला नाही. साधी पाने झाली तर फॉर्म, डोमेन आणि सर्टिफिकेट यांच्याकडे लक्ष द्यावे लागेल, पण अपडेटचे बहुतेक काम संपेल आणि माझे शुल्कही बरेच उतरेल. पत्रात साध्या पानांच्या पर्यायासमोर तो उतरलेला आकडा लिहिताना बाकीच्या क्लायंटांचाही हिशेब मनात सुरू झाला. तो मी अर्ध्यावरच सोडला.

पत्र पाठवून आता बराच वेळ झाला. डोमेन काकांच्याच नावावर आहे, त्याच्या नूतनीकरणाची सूचना त्यांच्याच मेलवर येते आणि उद्या त्यांनी दुसऱ्या कोणाला काम दिले तरी त्यांचे काही अडणार नाही, हेही त्यात स्पष्ट केले आहे. काका बहुधा आहे तेच चालू ठेवा म्हणतील. तसे झाले तर यापुढे दर तिमाहीला कामांची नोंद त्यांना पाठवायची, भीती न घालता, एवढे मी ठरवले आहे. पुढच्या वर्षी बिल गेल्यावर ते पुन्हा विचारतीलच. त्या वेळी मला आजच्याइतके लागू नये असे वाटते. लागणारच नाही, असे मात्र लिहवत नाही.